पटावरचं नाव

मुरूडचा धोंडू कर्वे १८७५ साली परीक्षा द्यायला साताऱ्याला गेला तो पायी. दापोली तालुक्यातलं मुरूड समुद्राकाठी, सातारा सह्याद्रीच्या पलीकडे. मधे कुंभार्ली घाट, आणि एकूण वाट शंभर मैलांच्या वर. पावसापाण्याचे दिवस, समुद्र खवळलेला, त्यामुळे बोटीने मुंबई गाठायचा मार्ग बंद. सोबतीला परीक्षेलाच निघालेले आणखी काही जण. परीक्षा मराठी सहावीची, म्हणजे सरकारी नोकरीच्या पात्रतेची. पोचल्यावर समितीच्या अध्यक्षांनी मुलाकडे पाहिलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असं म्हटलं आणि परत पाठवलं. सतरा वर्षं पुरी झाली होती, अंगकाठी तेवढी लहान होती. नंतर कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि पास झाला.

धोंडो केशव कर्वे यांनी ही हकीकत आपल्या ‘आत्मवृत्ता’त लिहून ठेवली आहे. महर्षींच्या चिकाटीचा दाखला म्हणून ती शाळाशाळांतून सांगितली जाते, आणि ते ठीकच आहे. मला मात्र ती वाचताना दरवेळी प्रश्न पडतो तो त्या परीक्षेबद्दल. एका इयत्तेच्या कागदासाठी मुलगा घाट ओलांडून जातो, एवढी किंमत त्या कागदाला रत्नागिरी जिल्ह्यात आली कधी? कर्व्यांच्या आजोबांच्या वेळी अशी परीक्षा नव्हती, इयत्ता नव्हती, पटही नव्हता. शाळा होती ती पंतोजींची.

पंतोजींची शाळा कुणाच्या तरी ओटीवर, पडवीत नाहीतर देवळात भरे. मुलगा सातआठ वर्षांचा झाला की दसऱ्याचा मुहूर्त बघून त्याला बसवायचा. त्याच्यापुढे धूळपाटी यायची. साधी लाकडी फळी, तिच्यावर विटकरीची बारीक पूड पसरलेली आणि हातात टोक काढलेली काडी. काडीने अक्षर काढायचं, पंतोजींनी किंवा वरच्या मुलाने बघायचं, हाताने पूड सारखी करायची, पुन्हा काढायचं. महिनोनमहिने हेच. हात बसला की बोरू, दौत आणि मोडीचा कित्ता. बाळबोध अक्षर पोथी वाचण्यापुरतं आणि मोडी पोटासाठी, अशी सरळ वाटणी होती. दिवेलागणीला परवचा. त्यात पाढे तर असतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आज ही नावं ऐकून हसू येतं, पण पावणेतीन आणे पायलीने साडेसात पायल्या तांदळाचे किती, याला एक रुपया चार आणे साडेसात पै हे उत्तर बाजारात उभ्या उभ्या द्यायचं असेल तर ती तोंडपाठ असल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खोताची वसुली, वाण्याचं खातं आणि गावचं दप्तर या तिघांना माणूस लागे, तो माणूस ही शाळा तयार करी. त्यामुळे मुलं आली तीही त्याच घरांतून. ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार. कुणब्याच्या पोराला पावकीचा उपयोग नव्हता असं नाही. उलट खोताने मापात मारलेलं धान्य त्याला मोजता आलं असतं. म्हणूनच बहुधा त्याला बोलावणं गेलं नाही. मुली कुणाच्या मोजदादीत नव्हत्या.

पंतोजींना दरमहा काही पैसे, सणावाराला शिधा, आणि मुलांच्या अंगावर पूर्ण सत्ता. छडी, अंगठे धरून ओणवं राहणं, कोंडून घालणं हे प्रकार त्या काळच्या आठवणींत इतके सर्रास येतात की सांगणारेही ते कौतुकाने सांगतात. त्याच सुमाराला इंग्लंडातल्या शाळांतही वेताची छडी तितकीच जोरात होती, हे लक्षात ठेवलं तर आपली लाजही कमी होते आणि त्यांचा तोराही.

पेशवाई १८१८ मध्ये गेली आणि दक्षिण कोकण कंपनीच्या हाती आलं. जिल्ह्याचं ठाणं आधी बाणकोटला होतं, १८२२ मध्ये ते रत्नागिरीला आलं. मासेमारी आणि बंदर यांवर चाललेल्या गावात कचेरी, कोर्ट, तुरुंग, इस्पितळ उभी राहिली आणि कचेरीला कारकून हवे झाले. नव्या तऱ्हेच्या शाळा मात्र आधी काढल्या त्या मिशनऱ्यांनी. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला उतरले. त्यांच्यातले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले, पण बाणकोट आणि हर्णै परिसरात मराठी शाळा सुरू झाल्या. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत आले ते मराठी शिकायला आधी हर्णैच्या बाजूला गेले. मुंबईला परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. मुंबईतल्या मुलींच्या पहिल्यावहिल्या शाळांपैकी या. म्हणजे तिथल्या मुलींना ज्या मराठीतून बाईंनी शिकवलं तिचे धडे त्यांनी आमच्या किनाऱ्यावर गिरवले होते. किनाऱ्यावरच्या मुलींना मात्र शाळेसाठी पुष्कळ थांबावं लागलं.

मुलगे थांबले नाहीत. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं) मुंबईला जाऊन शिकले, १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं, एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले आणि मुलांसाठी ‘बालव्याकरण’ही लिहिलं. १८४६ मध्ये वारले तेव्हा ते पस्तिशीसुद्धा गाठलेले नव्हते. १८४५ मध्ये रत्नागिरीत सरकारी इंग्रजी शाळा निघाली. दोन वर्षांनी मालवणकडून एका कारकुनाची रत्नागिरीला बदली झाली आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा या शाळेत दाखल झाला. तो रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १८५३ मध्ये तो मुंबईला गेला, मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांत बसला, आणि पुढे त्याच रत्नागिरीच्या शाळेत हेडमास्तर होऊन आला. संस्कृत शिकवण्याची त्यांची दोन पुस्तकं देशभरच्या मुलांनी कित्येक पिढ्या वापरली. बापाची बदली ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात कुणी गंभीरपणे घेत नाही, पण कोकणातल्या कितीतरी मुलांच्या नशिबाची दिशा मामलेदार कचेरीतल्या बदलीच्या हुकुमाने ठरली आहे.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखातं स्थापन झालं, आणि साठीच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. इथून पुढे गावात आली ती ‘सरकारी शाळा’. तिच्यासोबत पट आला, हजेरी आली, इयत्ता आल्या, मेजर कँडींच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तकं आली आणि वर्षातून एकदा तपासणीला येणारा दिपोटी आला. दिपोटीची बैलगाडी दिसली की मास्तरांचीही पाचावर धारण बसे.

यातली पटाची गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. पंतोजींना मुलगा चेहऱ्याने आणि बापाने माहीत असे. सरकारी मास्तराला त्याचं नाव, जात, वय, बापाचा धंदा आणि दाखल झाल्याची तारीख लिहावी लागली. लोकल फंडाचा आणा कुणब्याने भरला, महाराने भरला, विधवेच्या नावावरच्या तुकड्यानेही भरला. पट उघडून नावं वाचली तर या भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांची मुलं त्यात सापडत. त्यात मुली तर शोधूनच काढाव्या लागत. पटावर कोणाचं नाव आधी लागलं, कोणाचं नंतर आणि ते लागायला काय घडावं लागलं, एवढा एकच धागा धरला तरी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातलं रत्नागिरीचं बालपण बरंचसं हाती येतं.

या नव्या खात्याने पहिलं काम केलं ते मास्तर नावाचा वर्ग निर्माण करण्याचं. लोकमान्यांचे वडील गंगाधर रामचंद्र टिळक याच वर्गातले. मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव, नोकरी रत्नागिरीला शाळामास्तराची. संस्कृतचं घरचं ज्ञान दांडगं, गणिताची आवड, व्याकरणावर आणि त्रिकोणमितीवर पुस्तकं लिहिलेली. त्यांचा मुलगा बाळ १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मला आणि १८६६ मध्ये वडिलांची असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून पुण्याला बदली झाल्यावर तिकडे गेला. पुन्हा बदलीच. मालगुंडचे कवी केशवसुत हेही शाळामास्तराचेच चिरंजीव. स्वतः मॅट्रिक झाले ते तेविसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, आणि पोटासाठी तेही मास्तरच झाले. त्यांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी मराठीचं मोठं व्याकरण लिहिलं. दहा-पंधरा रुपये पगाराच्या मास्तरांच्या घरांनी या जिल्ह्यातून काय काय दिलं याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडायला हवा.

मुलांना एवढी ओढ का होती, याचं उत्तर शेतीत आहे. वर्षातून भाताचं एक पीक, डोंगरउतारावर नाचणी-वरी, जमीन बरीचशी खोताच्या ताब्यात आणि भावाभावांत वाटून वाटून तुकडे पडलेले. बाहेर पडणं हा कोकणचा जुनाच धर्म. पेशवाईत लोक घाट चढून पुण्याला गेले, कंपनीच्या काळात मराठे आणि महार मुंबईच्या पलटणींत भरती झाले, १८५६ नंतर मुंबईत गिरण्या सुरू झाल्या तेव्हा बोटी भरभरून रत्नागिरीकर तिकडे गेले. सहावीचा दाखला ही त्यातलीच एक वाट, जरा स्वच्छ कपड्यांची. दाखला असला की शाळामास्तर, कारकून, पोस्टातला माणूस. नसला तर गिरणी किंवा पलटण.

गिरणीत बालपण कसं जाई हे सांगायला १८८१ चा कारखान्यांचा कायदा पुरेसा आहे. त्या कायद्याने सात वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर घ्यायला बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती! म्हणजे आधीची परिस्थिती काय असेल. १८९१ मध्ये वयाची अट नऊवर गेली. इंग्लंडात १८८० पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती, आणि त्याच राणीच्या मुंबईत सात वर्षं पुरी झालेलं मूल कायदेशीरपणे कामगार होतं.

ज्यांनी शाळेची वाट धरली त्यांचेही हाल कमी नव्हते. गावची मराठी शाळा संपली की इंग्रजीसाठी तालुक्याला नाहीतर रत्नागिरीला जायचं. राहायचं कुठे, जेवायचं काय? सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे असे वार लावायचे. ज्या वाराला घर मिळालं नाही त्या दिवशी चुरमुरे नाहीतर उपास. ज्याला तेही जमत नसे तो माधुकरी मागे. या सोयीचं कौतुक खूप झालं आहे, पण ती जातीच्या आतली सोय होती हे त्या कौतुकात सांगायचं राहून जातं. ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणाच्या घरी पान वाढलं जाई. भंडाऱ्याच्या किंवा गाबिताच्या मुलाला तालुक्याच्या गावी तशी घरं शोधावी लागली असती आणि ती मिळाली नसती. कर्वे इंग्रजी शिकायला रत्नागिरीला आले आणि आजारी पडून परत गेले. पुढे मुंबईला जाऊन रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

गुहागर तालुक्यातल्या कोतळुकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले त्याच साली मॅट्रिक झाले, पंधराव्या वर्षी. वडील १८७९ मध्ये वारले होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार पंधरा रुपये, त्यातले आठ ते कोल्हापूरला गोपाळच्या शिक्षणाला पाठवत. सात रुपयांत इकडचं सगळं घर. पटावर एका भावाचं नाव राहावं म्हणून दुसऱ्याचं कमी झालं, हे गोविंदरावांच्या बाबतीत तरी लिहून ठेवलं गेलं. कोकणातल्या घराघरांत असे गोविंदराव झाले आणि त्यांची नोंद कुठेच नाही.

या विद्यार्थ्यांना मुलगे म्हणायचं खरं, पण त्यांच्यातले बरेचसे संसारी होते. टिळकांचं लग्न पंधराव्या वर्षी, गोखल्यांचं चौदाव्या. कर्व्यांचं पंधराच्या आसपास झालं, राधाबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. नवरा युक्लिडचे सिद्धांत पाठ करतोय आणि बायको सासरी पाणी भरतेय. एकाच घरात दोन मुलं वाढत होती, त्यांच्यातलं एकच शाळेत जात होतं.

दापोलीला तर पटावरून एक तंटा झाला. दापोली कँप हे पलटणीतून निवृत्त झालेल्या लोकांचं गाव. महार जवानांची मोठी वस्ती तिथे होती. पलटणीत असताना ही माणसं शिकलेली होती, कारण कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या सैन्यात जवानांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत, मुलींनाही तिथे शिकवत. डॉ. आंबेडकरांनी हे स्वतः नोंदवलं आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, हे लष्करी शाळेत हेडमास्तर होते. १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. अशा गावात नव्वदीच्या सुरुवातीला निवृत्त जवानांनी अर्ज केला, आमची मुलं म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्या. सरकारी पैशावर चालणारी शाळा, सरकारची चाकरी केलेले बाप. नियमाप्रमाणे नाही म्हणता येत नव्हतं. बराच खल होऊन मुलांना घेतलं ते शाळेच्या पडवीत. नाव पटावर, बसायला पडवी. याच सुमारास, १८९२ च्या आगेमागे, सैन्यातली महारांची भरतीही बंद झाली आणि लष्करी शाळेची वाटही मिटली. पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना मुलांना वर्गात सरमिसळ बसवण्यासाठी शाळोशाळी फिरावं लागलं. म्हणजे पडवी ते वर्ग ही काही पावलांची वाट चालायला तीन-चार दशकं गेली.

आता मुलींकडे. पटावर त्यांची नावं मुळीच नव्हती असं नाही. रत्नागिरीसारख्या गावी मुलींच्या शाळा निघाल्या होत्या, पण त्यातली मुलगी आठ-नऊची झाली की लग्न आणि लग्न झालं की शाळा बंद. दुसरी-तिसरीच्या पुढे नाव क्वचितच जाई. घरी त्यांचं शिक्षण चालू होतं, त्याला कुणी शिक्षण म्हणत नसे. दळणकांडण, शेणगोठा, भाताची लावणी, जात्यावरच्या ओव्या, व्रतांच्या कहाण्या. परवचा म्हणणाऱ्या भावाच्या शेजारी बसून एखादी पाढे ऐकून पाठ करी, तिला घरात ‘हुशार’ म्हणत आणि विषय संपे.

देवरुखच्या जोश्यांकडची गोदावरी अशीच वाढली. धट्टीकट्टी, कामाला वाघ. आठ-नऊ वर्षांची असताना लग्न झालं, काही महिन्यांत नवरा वारला. नातूंच्या घरची विधवा सून म्हणून पुढची वर्षं कष्टात गेली, केशवपनही झालं. अक्षरओळख नाही. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होता. त्याने बहिणीला मुंबईला नेलं आणि ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं तेव्हा गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. वय विशीच्या पुढे. भांडारकर-टिळकांनी सात-आठव्या वर्षी गिरवली ती अक्षरं तिने तेव्हा गिरवली. पुढे १८९३ मध्ये, योगायोगाने ११ मार्चलाच, तिने पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. राधाबाई १८९१ मध्ये वारल्या होत्या आणि त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले होते. ती जागा टिळक सोडून गेल्याने रिकामी होती आणि कर्व्यांना बोलावणारे होते गोखले. पुण्याच्या कॉलेजातली एक खुर्ची आणि तिच्याभोवती तिघेही रत्नागिरीकर.

मुरूडने या लग्नावर बहिष्कार घातला. ज्या मुलाने गावाचं नाव काढलं त्याला गावात पंक्तीला बसायची सोय उरली नाही, घरच्यांनाही झळ लागली.

गोदूबाई आता आनंदीबाई, घरोघरच्या बाया कर्वे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. तीही देवरुखहून पुण्याला आली, शिकली, कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाची जबाबदारी तिने घेतली, वर्गणी गोळा करत देशभर हिंडली आणि १९१८ मध्ये आश्रमासाठी अमेरिकेला गेली. तिच्या ‘माझी कहाणी’चं इंग्रजी भाषांतर जस्टिन अॅबट यांनी १९३० मध्ये केलं. बायांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये आलं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. पुरुषांच्या आत्मचरित्रांत शाळा पहिल्या दहा-वीस पानांत येते. या दोघींच्या पुस्तकांत ती येईपर्यंत लग्न, वैधव्य आणि सासर-माहेर होऊन गेलेलं असतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रत्नागिरीच्या मुलाचं नाव पटावर लागलं ते त्याने घर चालवावं म्हणून. मुलीचं लागलं ते घराने तिला आपल्या हिशेबातून वजा केल्यावर. सवाष्णीला शिकवायला घर तयार नव्हतं, विधवेच्या शिक्षणालाही विरोध होताच, पण तिच्यावर हक्क सांगणारा नवरा नव्हता आणि तिच्या पोटाची सोय कुणाला तरी बघायची होती. त्या फटीतून बाया आणि पार्वतीबाई शाळेत शिरल्या. मालवणात जन्मलेल्या भांडारकरांनीही १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला. आणि रत्नागिरीतच जन्मलेल्या, शाळामास्तराच्या पोटच्या टिळकांनी पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलातल्या इंग्रजी धर्तीच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. लोकमान्यांबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं की या एका विषयात बायांना त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

विलायतेत सगळं पुढे होतं अशी समजूत असेल तर तीही तपासलेली बरी. इंग्लंडातल्या सरकारी मदतीच्या शाळांत मुलींना शिवणकाम सक्तीचं होतं आणि तो वेळ त्यांच्या गणितातून जाई. केंब्रिजला १८९० मध्ये फिलिपा फॉसेट गणिताच्या परीक्षेत सिनियर रँग्लरच्याही, म्हणजे पहिल्या आलेल्याच्याही, वर आली, पण मुलगी असल्यामुळे तो मान तिला मिळाला नाही आणि पदवीही नाही. नऊ वर्षांनी तोच मान मिळाला आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावच्या रघुनाथ परांजप्यांना. कर्व्यांचे हे आतेमामे नात्यातले भाऊ, त्यांच्याच बिऱ्हाडी राहून शिकलेले. दापोली तालुक्यातला मुलगा केंब्रिजचा पहिला येऊ शकत होता, केंब्रिजमधली मुलगी येऊनही ‘आली’ म्हणवत नव्हती. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला १९४८ उजाडलं. तोवर कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला, म्हणजे १९१६ मध्ये सुरू झालेल्या आजच्या एसएनडीटीला, बत्तीस वर्षं झाली होती.

राणी १९०१ मध्ये गेली. सहावीची परीक्षा पुढे सातवीवर सरकली आणि ‘व्हर्नाक्युलर फायनल’ झाली. ‘आमचे आजोबा फायनल पास’ असं कोकणात अजून अभिमानाने सांगतात ते तिच्यामुळे. फायनल पास माणूस गावात पत्रं वाचून दाखवी, अर्ज लिही, मनीऑर्डरवर साक्ष घाली. फायनल पास आजी अगदी क्वचित.

भावाच्या आठ रुपयांवर शिकलेल्या गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपासून सुरुवात, मुलींना सक्ती नंतर, अशी त्याची सावध रचना होती. तेवढंही मंडळाला झेपलं नाही. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला.

शेवटी एक विनंती. शंभर-सव्वाशे वर्षं पुरी केलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. बऱ्याच ठिकाणी पटसंख्या वीसच्या खाली आली आहे आणि शाळा बंद होण्याच्या किंवा दुसरीत मिसळण्याच्या बेतात आहेत. या शाळांच्या कपाटांत जुनी जनरल रजिस्टरं आहेत. अलीकडे, २०२३ मध्ये, कुणबी नोंदी शोधताना राज्यभर ती चाळली गेली, तेवढ्यापुरती धूळ झटकली गेली. पण त्यांत जातीच्या रकान्याशेजारी आणखीही रकाने आहेत: बापाचा धंदा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण. गावातली पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, कोणत्या इयत्तेतून गेली, कोणत्या घरचा मुलगा प्रथम आला, हे त्यांतून गावागणिक काढता येईल. शाळा बंद होताना बाकं आणि फळे लिलावात जातात, रजिस्टरं कुठल्याशा कोपऱ्यात पडतात. ज्यांची गावाकडची शाळा जुनी आहे त्यांनी सुट्टीत मुख्याध्यापकांना भेटून, रीतसर परवानगी घेऊन, त्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. कागद पावसाळी हवेत फार दिवस टिकत नाही.